नरखेडच्या तंत्रवेड्या दोस्ताला काय द्यायचं?

वाढदिवसाला मग आणि फोटोफ्रेम आता पुरे! सतत काहीतरी जोडत-जुळवत बसणाऱ्या मित्राला मायक्रोबिट द्या. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनच्या शाळकरी मुलांसाठी आणलेला हा तळहातापेक्षा लहान बोर्ड. त्यावर २५ एलईडी, दोन बटणं, होकायंत्रसुद्धा.

आपल्याकडे तर त्याला संत्र्याच्या बागेतच काम आहे. दोन लोखंडी खिळे मातीत खोचा, क्लिपा लावून बोर्डला जोडा. ओल्या मातीतून वीज जास्त वाहते, कोरडीतून कमी. छोटासा प्रोग्राम लिहिला की ओलाव्याचा आकडा दिव्यांवर सरकत जातो. आंबिया बहारासाठी पाणी तोडून झाडं ताणावर सोडली की आकडा उतरताना बघायला भारी मजा येते! खिळे मात्र गंजतात, म्हणून सोबत ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर द्याच. आणि यूएसबी केबल विसरू नका.