मोकळ्या धान्याच्या वाहतुकीसाठी घडीची पोलादी पेटी

पेडगाव (जि. परभणी) येथील ज्वारी, तूर वा हरभरा परभणीच्या बाजारात नेताना पोत्याची शिवण उसवली की दाणे वाटेवर सांडतात. पोलादी पेटीत ही नासधूस टळते. परंतु परतीच्या खेपेस रिकामी पेटीही भरलेल्या पेटीइतकीच जागा अडविते. म्हणून ती घडीची असावी.

घरातील पत्र्याची कोठी गोल असते. धान्याचा रेटा तिच्या भिंतीवर सर्व बाजूंनी सारखा पडतो. त्यामुळे पातळ पत्राही टिकतो. घडीच्या पेटीच्या भिंती सपाट असल्याने मध्यभागी फुगतात. यास्तव पत्रा पन्हळी घ्यावा व कडांना लोखंडी अँगल जोडावा. रेटा तळाकडे वाढत जातो. म्हणून आडव्या पट्ट्या खालच्या भागात जवळजवळ बसवाव्यात.

लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १ मीटर असलेल्या पेटीत सुमारे ७ क्विंटल ज्वारी मावते. चारही भिंतींच्या बिजागऱ्या एकाच उंचीवर लावल्यास घडी सपाट बसत नाही. प्रथम दुमडावयाच्या भिंतीची बिजागरी सर्वांत खाली ठेवून पुढील प्रत्येक भिंतीची बिजागरी एका भिंतीच्या जाडीइतकी वर घ्यावी. भरलेली पेटी हातांनी उचलणे शक्य नसते. तेव्हा ती गाडीवरच उभारून भरावी व तळाजवळील सरकत्या दारातून रिकामी करावी.

ओलसर धान्य पेटीत भरू नये. रात्री पत्रा थंड झाला की आत दव धरते व धान्यास बुरशी लागते. भरण्यापूर्वी काचेच्या कोरड्या बाटलीत थोडे धान्य व कोरडे मीठ घालून हलवावे. पंधरा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेले दिसल्यास धान्य पुन्हा उन्हात वाळवावे.