डुगडुगणाऱ्या फर्निचरला आट्यांचे पाय

तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, कारण कोणत्याही तीन बिंदूंतून एक सपाट पातळी जातेच. चौथा पाय आला की तो त्याच पातळीत असेल याची खात्री राहत नाही. शहाबादी फरशीचा सांधा, जुन्या कोब्यातला खोलगट भाग, मोरीच्या दिशेने दिलेला उतार अशा ठिकाणी दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज असतो. तेवढ्यानेच टेबल तिरक्या दिशेच्या दोन पायांवर झुलू लागते. अधांतरी पायाखाली पुठ्ठ्याची घडी किंवा लाकडाची पाचर सरकवणे हा घरोघरचा उपाय. तो फार तर आठवडाभराची सोय म्हणून ठीक आहे. पुठ्ठा ओल्या फडक्याने भिजतो, दबतो आणि पाय पुन्हा अधांतरी होतो. पाचर झाडताना सरकते. पायाच्या तळाशी आटे असलेला, फिरवून उंची कमी-जास्त करता येणारा छोटा पाय बसवला तर हे काम कायमचे होते. हार्डवेअरच्या दुकानात त्याला लेव्हलर किंवा लेव्हलिंग लेग म्हणतात.

टेबल डुगडुगते तेव्हा दोष निदान कळतो तरी. कपाट डुगडुगत नाही, ते पिळले जाते, आणि खरे नुकसान तिथेच होते. ९० सेंटिमीटर रुंद आणि २०० सेंटिमीटर उंच कपाटाची एक बाजू तीन मिलिमीटर खाली असेल, तर त्याचा माथा साडेसहा मिलिमीटरांहून अधिक कलतो. समोरचा एकच कोपरा खचला असेल तर पुढची चौकट काटकोनात राहत नाही. मग दोन दारांच्या वरच्या कडा एका रेषेत येत नाहीत, कुलपाची जीभ खाचेत शिरत नाही, खण ओढताना अडकतात. अशा वेळी बहुतेक जण बिजागऱ्यांचे स्क्रू पिळत बसतात. बिजागरीला हात लावण्याआधी कपाटाचे पाय तपासले पाहिजेत. पिळलेल्या चौकटीवर जुळवलेली दारे कपाट सरळ होताच पुन्हा बिघडतात.

दोष फर्निचरचा की जमिनीचा, हे पाय विकत घेण्याआधी ठरवावे. चौकोनी टेबल जागच्या जागी थोडे-थोडे फिरवून पाहावे. दर वेळी तोच पाय उचललेला दिसला तर तो पाय आखूड आहे. टेबल फिरवल्यावर जमिनीच्या त्याच जागी येणारा दुसरा पाय अधांतरी राहिला, तर जमीन तिथे खोल आहे. या फिरवण्यामागे गणितही आहे. सर्न या संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे मार्टिन यांनी २००५ साली सिद्ध केले की जमीन फार चढ-उताराची नसेल आणि चारही पाय सारख्या लांबीचे असतील, तर चौरस टेबल पाव फेरीच्या आत कुठे ना कुठे चारही पायांवर स्थिर उभे राहते. मात्र जमिनीचा चढ-उतार सलग हवा. एक फरशी दुसरीपेक्षा उभी वर आली असेल तर ही हमी लागू होत नाही. शिवाय टेबल स्थिर झाले म्हणजे समपातळीत आले असे नाही. कपाट तर भिंतीलगतच उभे असते, ते फिरवायला जागाच नसते.

अधांतरी पायाखालची फट मोजायला पत्त्यांचा कॅट पुरतो. एक पत्ता साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचा असतो. फटीत किती पत्ते घट्ट बसतात ते मोजले की पाय किती फिरवावा लागेल हे आधीच कळते. एम ८ मापाच्या आट्यांचा पाय एका पूर्ण फेरीत १.२५ मिलिमीटर वर-खाली होतो, म्हणजे एका पत्त्याला पाव फेरी. एम ६ च्या पायाला एका फेरीत १ मिलिमीटर आणि एम १० ला १.५ मिलिमीटर मिळतात.

पाय निवडताना पहिला प्रश्न वजनाचा. एकूण वजनाला चाराने भागण्याचा हिशेब फसवा आहे. चारही पायांवर वजन सारखे वाटले गेले तर तक्रारच नव्हती! एक पाय किंचित जरी आखूड राहिला, तरी बहुतेक भार तिरक्या दिशेच्या दोन पायांवर येतो. म्हणून प्रत्येक पाय निम्मे वजन पेलू शकेल असाच घ्यावा. पुस्तकांनी भरगच्च भरलेल्या एक मीटर लांबीच्या फळीवर २० ते ३० किलो वजन सहज असते. अशा पाच फळ्यांचे १०० ते १५० किलो होतात, कपाटाचे स्वतःचे वजन वेगळेच. तेव्हा प्रत्येक पायाची क्षमता निदान ८०-१०० किलो हवी. अशा कपाटाला पातळ प्लॅस्टिकचा स्वस्त पाय लावण्याचा मोह टाळावा. अभ्यासाच्या हलक्या टेबलाला मात्र एम ६ चा साधा पाय पुरतो, जेवणाच्या टेबलाला आणि कपाटाला एम ८, आणि फार जड सामानाला एम १०.

वजन जमिनीवर किती जागेत उतरते, हेही पाहावे लागते. एका पायावर ५० किलो भार असेल आणि त्याच्या बुडाचा व्यास दोन सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १६ किलो येतात. बूड पाच सेंटिमीटरचे घेतले तर हाच दाब अडीच किलोवर येतो. टाइलखाली सिमेंट नीट भरलेले नसेल, तिच्यावर टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर हा फरक टाइल फुटण्या-न फुटण्याचा असतो. जमिनीला उतार असेल तिथे बूड गोलकावर फिरणारे असावे. ते उताराप्रमाणे कलते आणि पूर्ण टेकते. ताठ बूड उतारावर एका कडेवर उभे राहते, आणि मग त्याचा मोठा व्यास काही कामाचा नाही.

बुडाचा पदार्थ जमिनीवर आणि वापरावर ठरतो. झाडताना सरकवायच्या टेबल-खुर्चीला नायलॉन, जागेवरून हलू नये अशा सामानाला रबर. विनाइलच्या जमिनीवर मात्र काळे रबर कायमचा डाग पाडते. नमद्याच्या चकत्या लाकडी जमिनीवर छान, पण जिथे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते तिथे त्या पाणी धरून ठेवतात आणि त्यांत अडकलेली कच फरशीला ओरखडे काढते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात समुद्राजवळच्या घरांत साध्या लोखंडी पायाचा गंज फरशीवर तांबडा डाग सोडतो. तिथे स्टेनलेस स्टीलवर खर्च करावा. मुंग्या चढू नयेत म्हणून जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची पद्धत ज्या घरांत आहे, तिथेही हेच लागू.

पाय कशात बसणार, यावर बसवण्याची पद्धत ठरते. लोखंडी पाइपाच्या फर्निचरला काम सोपे आहे. पाइपाच्या आतल्या मापाची, मधोमध नट असलेली प्लॅस्टिकची गुडदी ठोकायची आणि तिच्यात पाय फिरवायचा. माप घेताना पाइपाच्या पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करावी लागते. २५ मिलिमीटरच्या पाइपाचा पत्रा १.२ मिलिमीटरचा असेल तर आतले माप २२.६ मिलिमीटर भरते. प्लायवुडच्या सपाट तळाला टी-नट चांगला. त्याचे दात प्लायमध्ये रुततात आणि वजन त्याची चकती लाकडावर दाबूनच धरते. भरीव लाकडाच्या पायात टी-नट ठोकू नये. पायाच्या तळाशी लाकडाचे रेषे उभे असतात, त्यांत दात धरत नाहीत आणि लाकूड चिरते. तिथे बाहेरून-आतून आटे असलेला पितळी इन्सर्ट फिरवून बसवावा. पार्टिकल बोर्डात या दोन्ही गोष्टींचा भरवसा नाही. चार स्क्रूंनी बसणारी पत्र्याची पट्टी घ्यावी, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते.

भरीव लाकडाचे काम घाईने करण्यासारखे नाही. भोकाच्या चारही बाजूंना निदान भोकाइतके लाकूड उरावे. १० मिलिमीटरचे भोक पाडायचे तर पाय ३० मिलिमीटरपेक्षा बारीक नको. टेबल सतरंजीवर उलटे करून तळाच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण आखले की मध्य सापडतो. तिथे टोच्याने खूण करून आधी तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, मग इन्सर्टवर दिलेल्या मापाचे. ड्रिल सरळ राहावे म्हणून शेजारी गुण्या उभा धरावा. भोक पायाच्या बोल्टपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त खोल हवे, नाहीतर पाय पूर्ण आत जात नाही. खोलीची खूण म्हणून बिटाला चिकटपट्टी गुंडाळावी. इन्सर्टच्या आट्यांना मेण किंवा साबण लावावा. बोल्टवर दोन नट एकमेकांवर आवळून तो इन्सर्टमध्ये घालावा आणि पान्याने सावकाश फिरवावा. सागवानासारख्या घट्ट लाकडात जोर केला तर मऊ पितळाची कड तुटते. उघड्या पडलेल्या लाकडाला पॉलिशचा हात द्यावा, कारण तळातूनच पाणी वर चढते. पावसाळ्यात प्लायच्या कडा फुगतात त्या याच वाटेने.

जुन्या सामानाचा हरवलेला एखादाच पाय बदलायचा असेल, तर उरलेल्यांपैकी एक काढून दुकानात न्यावा. इंचाच्या मापातला ५/१६ चा पाय आणि एम ८ चा पाय जाडीत जवळजवळ सारखे दिसतात, पण त्यांचे आटे वेगळे आहेत. एक-दोन फेऱ्या फिरून पाय अडकतो, आणि पाना लावून जोर केला की नटाचे आटे झडतात.

नव्या पायांनी फर्निचरची उंची १५ ते २५ मिलिमीटर वाढते, म्हणून पाय नेहमी चारही ठिकाणी लावावेत. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. ते जास्त उंच होऊ द्यायचे नसेल तर तेवढे लाकूड आधी कापून घ्यावे.

पातळी जुळवायला पाणसळ लागते. ती आधी तपासावी. एका जागी ठेवून बुडबुडा पाहावा, मग तिथेच टोके उलट करून पुन्हा पाहावा. बुडबुडा दोन वेळा वेगळ्या बाजूला गेला तर पाणसळच चुकीची आहे. मोबाइलमधली पाणसळही याच परीक्षेला बसवावी. लांबलचक ट्रॉल्यांच्या रांगेला गवंड्याची पाण्याची नळी अधिक भरवशाची, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा अडकलेला नको.

सामान उभे राहणार त्या जागेतला जमिनीचा सर्वांत उंच कोपरा शोधावा. तिथला पाय जवळजवळ पूर्ण आत फिरवावा आणि बाकीचे त्याच्या बरोबरीला आणावेत. पाय जितका कमी बाहेर, तितका तो ताठ. एम ८ चा निदान १० मिलिमीटर भाग नटाच्या आट्यांत राहिलाच पाहिजे. आधी मागचे दोन पाय डावी-उजवीकडे जुळवावेत, मग पुढचे दोन, शेवटी पुढून मागची पातळी. वरून पाहताना पाय घड्याळाच्या दिशेने फिरवला की सामान वर जाते, उलट फिरवला की खाली. फिरवताना त्या कोपऱ्याचे वजन कोणीतरी फळी घालून उचलून धरावे. भाराखाली फिरवलेला पाय आटेही झिजवतो आणि फरशीही खरवडतो. मग तिरक्या दिशेचे कोपरे आळीपाळीने दाबून पाहावेत. कपाटाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजपट्टीच्या टेपने मोजावेत. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आली. बिजागऱ्यांचे स्क्रू यानंतर जुळवायचे. सर्वांत शेवटी पायाच्या बोल्टवरचा चेकनट वर, फर्निचरच्या तळाशी आवळावा. तो खाली बुडावर आवळला तर पाय सैलच राहतो.

उंच कपाट पुढून दोन-तीन मिलिमीटर उचललेले चांगले. दारे आपोआप मिटतात आणि भार भिंतीकडे राहतो. पण लहान मुले खणांना लोंबकळतात तिथे एवढ्याने भागत नाही. कपाट भिंतीला पट्टीने आणि स्क्रूने बांधावे लागते. कपड्यांची कपाटे उलटून मुले दगावत असल्याने अमेरिकेत २०२२ साली त्यांच्या स्थैर्यासाठी कायदाच करावा लागला.

स्वयंपाकघरात कडाप्प्याच्या उभ्या दगडांवर बांधलेला ओटा असेल, तर खालच्या ट्रॉल्यांच्या पायांवर फक्त ट्रॉल्यांचा आणि भांड्यांचा भार येतो. ग्रॅनाइट थेट कपाटांवर बसणार असेल तर हिशेब बदलतो. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस मीटरला ५४ किलो भरतो. २.४ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद ओट्याचे ७८ किलो नुसत्या दगडाचेच झाले. अशा वेळी पीव्हीसीचे पाय उभ्या फळ्यांच्या बरोबर खाली यावेत, तळफळीच्या मध्यावर नव्हे.

सामान भरल्यावर पातळी थोडी बदलते. म्हणून महिन्याभराने आणि पुढे दर पावसाळ्यानंतर पाणसळ पुन्हा लावून पाहावी. घर बदलताना चारही पाय आत फिरवून घ्यावेत आणि सामान ओढत न नेता उचलावे. बाहेर आलेल्या पायावर जड कपाट ओढले तर बोल्ट वाकतो, आणि वाकलेला बोल्ट काढताना इन्सर्टसकट लाकूड निघून येते.