देवगिरी : किल्ल्याची रचना आणि पाठाची मांडणी

नरसी व आसपासच्या गावांतील मुलांना संत नामदेवांचा परिचय नव्याने करून द्यावा लागत नाही. कयाधूकाठचे हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. त्यांचा जन्म इ. स. १२७० चा, देवगिरीच्या गादीवर यादव राजा रामदेवराव आला तो १२७१ च्या सुमारास. नामदेव पन्नाशीला पोहोचण्यापूर्वीच ते राज्य लयाला गेले. म्हणून देवगिरीचा पाठ नामदेवांच्या आयुष्याशी जोडून शिकविल्यास सनावळी मुलांच्या ध्यानात सहज राहते.

छत्रपती संभाजीनगरजवळील हा किल्ला भोवतालच्या सपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच अशा शंकूसारख्या डोंगरावर उभा आहे. यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी केली. अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट अशा तटबंदीच्या तीन ओळी ओलांडल्यावर मूळ डोंगर लागतो. त्याची बाजू सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत तासून भिंतीसारखी सरळ केलेली असून पायथ्याशी खडकात खंदक खोदला आहे. खंदकावरून अरुंद पूल, पुढे खडकातील काळोखी वळणांची वाट, म्हणजेच ‘अंधारी’, आणि मग माथा. दरवाजे एका रेषेत न ठेवता वळणावर ठेवले आहेत. त्यामुळे शत्रूच्या हत्तींना धावत येऊन धडक देण्यास जागा मिळत नसे.

असा किल्ला पडला कसा, हा प्रश्न मुले विचारतीलच, आणि तोच या पाठाचा गाभा होय. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा यादवांची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर गेली होती. रामदेवरावाने किल्ल्याचा आश्रय घेतला. धान्य समजून घाईने वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी हकीकत जुन्या तवारिखांत आढळते. अखेर जबर खंडणी देऊन तह करावा लागला. पुढे १६३३ मध्ये मोगलांनी निजामशाहीकडून हा किल्ला घेतला, तोही कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर, आतील अन्नसाठा संपत आल्यावर. दोन्ही वेळी कातीव कडा अभेद्यच राहिला. उणे पडले ते धान्य आणि सावधपणा.

पाठ घेताना शाळेच्या अंगणात ओल्या मातीचा डोंगर करावा. तट, खंदक व पूल मुलांच्या हातून घडवावेत. नंतर विचारावे : पाणी कोठे साठवाल? धान्याचे कोठार कोठे ठेवाल? गोण्या कोण तपासील? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना स्वतः शोधू द्यावे. दगडाचे बळ डोळ्यांना दिसते. ते राखणाऱ्या माणसांची दक्षता दिसत नाही. ती दाखवून देणे हेच इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे.