माळरानावरचा बांगडा

आमच्या परंड्याला खंदक असलेला किल्ला आहे, पण समुद्र नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ही तक्रार करते आहे, आणि आता तिला ३१ वर्षे झाली. माझे माहेर हर्णै. अंगणातून सुवर्णदुर्ग दिसे आणि संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव सुरू झाला की त्याचा गलका स्वयंपाकघरापर्यंत येई. परंड्याला आले तेव्हा यांनी मला हौसेने किल्ला दाखवायला नेले. अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ इथे होती, विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ इथूनच तिकडे गेली, असे बरेच काही सांगितले. हे इतिहासाचे शिक्षक! मी मात्र खंदकाकडे पाहून विचारले, ‘‘यात मासे असतात का हो?’’

सासरच्या घरी मटण चालत असे. उस्मानाबादी शेळीच्या मुलखात ते न चालून कसे भागेल? पण ते शिजायचे परसदारी, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. माळवदाच्या घरात त्यांच्या चुलीला त्यांनी कधी वशाट लागू दिले नाही. माशाचे तर नावच नको, वास राहतो म्हणून. मीही कधी हट्ट धरला नाही. माहेरी जाईन तेव्हा खाईन, असे ठरवून टाकले होते.

गेल्या वर्षी मे महिन्यात यांना हृदयविकाराचा झटका आला. सोलापूरला नेले, एक नळी उघडली, बारा दिवसांनी घरी आणले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले : तेल कमी, मीठ कमी, मटण बंद, रात्रीचे जेवण हलके, मासे चालतील. येसराची आमटी आणि काळ्या तिखटाचा रस्सा यांवर वाढलेल्या माणसाला मी महिनाभर उकडलेल्या भाज्या आणि मुगाचे पाणी घातले. चवथ्या आठवड्यात हे ताटावरून उठले. ‘‘हे असं जगायचं असेल तर नको,’’ एवढेच म्हणाले. आत्याबाई ओसरीत माळ ओढीत बसल्या होत्या. त्यांनी ऐकले, बोलल्या काही नाहीत. यांचे वजन तोवर सहा किलोंनी उतरले होते.

मग मी कपाटावरची गोल विजेची पेटी खाली काढली. मुली लहान असताना तिच्यात केक होत असत. परसदारच्या पत्र्याखाली वायर ओढून ती मांडली आणि मासे भाजायचे ठरवले. पण जून लागला होता. १ जून ते ३१ जुलै सागरी मासेमारीला बंदी. हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा धरणाचा मासा घेणे आले. आमच्या तालुक्यात कोळेगावजवळ सीनेवर धरण आहे, पलीकडे भीमेवर उजनी. उजनीचे पाणी १९८० साली अडले. आज तिथला कटला, रोहू, चिलापी भिगवणच्या बाजारातून दूरदूर जातो. चिलापी मूळची आफ्रिकेतली; भारतात १९५२ साली आणली आणि आता जिथे तिथे तीच!

गोड्या पाण्याच्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो. हर्णैच्या मुलीला तो पहिल्या घासालाच कळतो. त्यावर उपाय आंबटाचा. तुकडे मीठ-हळदीने धुवायचे, मग आमसुलाचे आगळ चोळून अर्धा तास ठेवायचे. आंबटाने तो वास बराच मोडतो. कटल्याचे पोटाकडचे तुकडे घ्यावेत, तिथले काटे मोठे असतात आणि हाताला लागतात. पाठीकडच्या मांसातले बारीक दुफाटे काटे आजारी माणसाला त्रास देतात. वर आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबिरीचे वाटण आणि चमचाभर करडईचे तेल. हे केळीच्या पानात बांधायचे. पानांची ददात नाही, करमाळ्याच्या बाजूला केळीच केळी. पेटी २०० अंशांवर आधी तापवून वीस मिनिटे. पानाच्या आत मासा स्वतःच्याच वाफेत शिजतो, म्हणून तेल लागत नाही. मांस पांढरे होऊन काट्यापासून सुटले की झाले. त्यापुढे पाच मिनिटे ठेवलात तर कापूस खाल.

पण मासा झाला, सोबत काय? भात मोजून, भाकरी एक. धाकट्या मुलीने पुण्याहून फोनवर सांगितले, भाज्यांच्या शेवया कर. मला हसू आले. आमच्याकडे चैत्र-वैशाखात बायका पाटावर गव्हाच्या शेवया वळतात, हुलग्याचे शेंगोळे करतात. भाजीची शेवई कोणी ऐकली होती? करून पाहिली. कोवळा दुधी सोलाण्याने लांब लांब ओढायचा, बियांचा गर आला की थांबायचे. त्या पट्ट्या सुरीने उभ्या चिरायच्या. गाजराचेही तसेच. पहिल्या दिवशी मी त्या दहा मिनिटे परतल्या आणि पातेल्यात लापशी झाली. दुधी म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. चिमूटभर मीठ लावून पाच मिनिटे ठेवायचे, हलक्या हाताने पिळायचे आणि कढत कढईत लसणाच्या फोडणीवर दोन मिनिटे, बस्स. हे ताटाकडे पाहून म्हणाले, ‘‘शेंगोळ्यांची उपाशी बहीण दिसते.’’ पण खाल्ले. काटे बाजूला ठेवीत, सावकाश, सगळे.

श्रावणात अर्थातच बंद. गणपती उठले आणि भावाने हर्णैहून बांगडे पाठवले. रात्रीच्या एसटीने थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून पुण्यापर्यंत, तिथे भाच्याने दुसऱ्या गाडीत चढवले. दुपारी मी स्टँडवर जाऊन उभी. बांगड्याचे मला फार भय. तो तेलकट मासा, उबेत पटकन बिघडतो आणि तसा बिघडलेला कितीही शिजवला तरी अंगावर पित्त उठवतो. म्हणून भावाला बजावले होते, पोट साफ करून, बर्फात पुरून पाठव. झाकण उघडले. बर्फ निम्मा शिल्लक, डोळे स्वच्छ. माझ्याच डोळ्यांत पाणी आले; स्टँडवरच्या लोकांना वाटले असेल, पेटीतून काय वाईट बातमी आली! हृदयाला जी माशाची चरबी चांगली म्हणतात, ती कटल्यापेक्षा बांगडा-तारलीत अधिक. तळला की तो फायदा तेलात बुडतो, म्हणून भाजायचा. दोन्ही अंगांना तिरके काप दिले, तेच वाटण भरले.

पेटी तापत घातली आणि परतीचा पाऊस आला. परसदारचा पत्रा जुना, वाऱ्याने पाणी थेट आत येऊ लागले. मी छत्री धरून पेटीवर वाकले होते. विजेची वस्तू, ओल्यात बसणे शहाणपणाचे नव्हते. हे आतून ओरडत होते, ‘‘सोड ते, मी भाकरी-दूध खातो.’’

दारात आत्याबाई उभ्या होत्या. वय ८३, हातात माळ.

‘‘तसल्या पावसात भाईर का बसलीस? आत आण ती पेटी.’’

‘‘आत्याबाई, वास राहील.’’

‘‘ऱ्हाऊ दे की.’’

त्यांनी स्वतः आपल्या चुलीशेजारचा पाट सरकवला. पंधरा मिनिटांत बांगड्याचा वास माळवदाच्या तुळयांपर्यंत चढला. आत्याबाई नाकाला पदर लावून तिथेच बसून राहिल्या, लेक जेवेपर्यंत. त्यांच्यासाठी दुधीच्या शेवया मी त्यांच्याच कढईत, आधी वेगळ्या करून ठेवल्या होत्या. हे दुसऱ्या बांगड्याला हात घालीत असताना त्यांनी वाटीतल्या दोन शेवया तोंडात टाकल्या, क्षणभर चघळल्या आणि माझ्याकडे पाहिले.

‘‘मीठ कमी हाय,’’ म्हणाल्या.