मांडवीच्या मुखाशी अडलेले साम्राज्य

जुन्या गोव्यास मांडवीच्या धक्क्यावरून वर चढताना विजरईची कमान लागते. वास्को द गामाच्या आगमनास शंभर वर्षे झाली म्हणून त्याच्याच पणतूने, विजरई फ्रांसिस्कु द गामा याने, १५९९ च्या सुमारास ती उभारली. विजयाचे हे स्मारक उभे राहत असतानाच विजयाचे दिवस सरत आले होते, हे त्या पणतूस कळले नसावे. १६०० साली इंग्रजांची व १६०२ साली वलंदेजांची कंपनी स्थापन झाली, आणि पुढील साठ वर्षांत होर्मुझ, मलाक्का, मस्कत, कोलंबो, कोची ही ठाणी एकामागून एक गेली.

हे साम्राज्य ऐषआरामाने बुडाले, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. पालखीतून मिरवणारे फिदाल्गु आणि त्यांच्यामागे छत्री धरणारे गुलाम हे चित्र खोटे नाही. परंतु ऐषआराम वलंदेजांच्या बटावियातही होता. आमच्या मते कारण निराळे आहे. पोर्तुगाल हा जेमतेम दहा-पंधरा लाख वस्तीचा देश. त्याने मोझांबिकपासून मकावपर्यंत किल्ले बांधले. ते राखण्यास माणसे मात्र त्याच्यापाशी नव्हती. समुद्रावर कार्ताझ नावाचा परवाना सक्तीने विकावा, न घेणाऱ्याचे गलबत पकडावे आणि जकात गोळा करावी, हा त्या सत्तेचा मुख्य व्यवसाय. व्यापाऱ्यापेक्षा नाकेदाराचाच तो धंदा, आणि नाका चुकविण्याची वाट सापडली की नाकेदाराचे काय उरते?

ती वाट गोव्यातूनच बाहेर गेली. १५८३ साली येथील आर्चबिशपाच्या पदरी लिन्शोटन नावाचा एक तरुण वलंदेज चिटणीस म्हणून आला. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली सागरी मार्गांची माहिती त्याने टिपून घेतली व १५९६ साली ग्रंथरूपाने छापली. वलंदेज कंपनीचे भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर होते, आणि ते भागीदारांचे होते. इकडे मिरीचा व्यापार राजाचा, तर किल्ल्यांची कप्तानपदे तीन-तीन वर्षांसाठी बक्षीस मिळालेली वा विकत घेतलेली. तीन वर्षांत घातलेला पैसा वसूल करावयाचा असेल तर तटाची डागडुजी कोण करणार? त्यात १५८० साली पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे गेले, आणि स्पेनचे वैरी ते आपोआप गोव्याचे वैरी झाले. १६३६ पासून वलंदेज आरमार हंगामामागून हंगाम मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून बसू लागले. दुसऱ्यांची गलबते अडविणाऱ्यांस आपल्याच बाऱ्यातून बाहेर पडता येईना.

आणखी एक कारण आहे. ते आपल्या घरातले आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा नदीपलीकडे विजापूरकरांच्या मुलखात गेली. देव गेले त्यांच्यामागे कुळावी गेले, आणि त्यांच्यासवे कसब, शेतीचा अनुभव व पेढीची पत हीही गेली. यातील विसंगती अशी की, मागे राहिलेल्या हिंदू सावकारांवाचून सरकारचे पान हलत नव्हते. महसुलाचे मक्ते त्यांच्याच हाती होते. एका हाताने हुकूम काढावयाचे आणि दुसऱ्याने त्यांच्याचकडे कर्जाची याचना करावयाची, असा तो कारभार होता. एकट्या धर्मच्छळाने हे राज्य बुडाले असे आम्ही म्हणणार नाही. वलंदेज आले नसते तर ते आणखी बराच काळ रेटले गेले असते. पण संकटकाळी पाठीशी उभी राहील अशी प्रजा त्याने स्वतःच उणी केली होती.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा उत्तर कोकणातील प्रांतही गेला. मराठ्यांच्या या पराक्रमाचा आपणांस अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. मात्र ज्या सत्तेवर हा घाव बसला तिची समुद्रावरील सद्दी शतकापूर्वीच संपलेली होती.

राजधानीही रोगराईने ओस पडली. १७५९ साली विजरई पणजीस राहावयास आला. त्याच सुमारास, १७६३ मध्ये, सोंदेकरांचा फोंडा प्रांत पोर्तुगीजांच्या हाती आला, आणि दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या भयाने देव नदीपार गेले होते, त्यांच्याच अमलाखाली ते पुन्हा आले. या वेळी मात्र देवळांस हात लावणार नाही, असे वचन सरकारनेच दिले.