लहान मुलांस मोर्चात न्यावे काय?

नागपूरकरांस ऊन नवे नाही. तथापि ता. २३ मे २०१३ रोजी येथील पारा ४७.९ अंशांवर गेला, आणि ता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे थोड्या तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव भरून वाहिला व नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. एका दिवसाच्या उन्हावरून अगर एका रात्रीच्या पावसावरून हवामान पालटले असे सिद्ध होत नाही. परंतु कोळसा व तेल जाळल्याने हवेतील कर्बवायू वाढून पृथ्वी तापत आहे, आणि तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, ह्याविषयी शास्त्रज्ञांत आता दुमत नाही. संत्र्याच्या बागेस ताण दिला असता अवेळी पाऊस पडून ताण तुटला म्हणजे बहार कसा हातचा जातो, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

ह्या प्रश्नावर मुलेही रस्त्यावर आली. ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनमधील पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळा सोडून तेथील संसदेसमोर बसली. सप्टेंबर २०१९ मध्ये जगभर मोर्चे निघाले. उलट पक्षी, मुंबईतील आरेच्या आंदोलनात मुलांचा उपयोग केल्याबद्दल गुन्हा नोंदवावा, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२२ साली पोलिसांस कळविले. तेव्हा प्रश्न वादाचा आहे खरा.

अजनीच्या रेल्वे वसाहतीतील हजारो झाडे स्थानकाच्या प्रकल्पापायी जाणार म्हणून २०२१ साली नागरिकांनी विरोध केला, त्या वेळी आम्ही सात वर्षांच्या नातवास घेऊन गेलो होतो. कोणीतरी त्याच्या हाती फलक दिला. रात्री अंथरुणावर त्याने विचारले, "आजोबा, आता पाऊस पडणारच नाही का?" आम्ही ओशाळलो. त्यास आम्ही नेले होते, पण समजाविले काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास शेतावर नेले, धुऱ्यावरील कडुनिंबाखालची व उघड्यावरची माती हातात दिली, व सावली म्हणजे काय ते त्याचे त्यास कळू दिले. पुढे पर्जन्यमापक आणला. पावसाळ्यात रोज सकाळी तो मिलिमीटर मोजून वहीत मांडतो. पैसेवारीच्या कागदांत जन्म घालविलेल्या आम्हांसही त्याची वही अधिक खरी वाटते. भीती मात्र त्याने पुन्हा बोलून दाखविली नाही.

म्हणून आमचे मत असे. मुलास न्यावे, पण आधी घरी कारण सांगून आणि त्याची इच्छा असेल तरच. दुपारच्या उन्हात नेऊ नये. पाणी व टोपी बरोबर असावी. पोलिसांशी झटापटीचा संभव असेल तेथून तत्काळ परतावे. त्यास न कळणारा मजकूर त्याच्या हाती देऊ नये, व कोणत्याही पक्षाच्या झेंड्याखाली त्यास उभे करू नये.

आणि परत आल्यावर धुऱ्यावर एक झाड त्याच्या हातून लावावे. मागणी करणे हे मोठ्यांचे काम आहे. ते मुलांच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये.