एकिनेशिया: रानातलं मूळ, परसातलं फूल आणि काही गैरसमज

सर्दीचा हंगाम आला की अमेरिकेतल्या दुकानांत एकिनेशियाचे चहा, अर्क आणि गोळ्या दर्शनी फळीवर येतात. जांभळट गुलाबी, खाली कललेल्या पाकळ्या आणि मधोमध काटेरी शंकू असलेलं हे फूल मूळचं उत्तर अमेरिकेच्या माळरानांवरचं. लकोटा, पॉनी, शायेन आदी आदिवासी समाज दातदुखी, घसादुखी आणि दंशावर त्याचं मूळ वापरत. तिकडच्या कित्येक मराठी घरांच्या परसातही आज ते फुलतं, तर आपल्याकडे होमिओपॅथीच्या दुकानांत त्याचा अर्क मिळतो. झाड घरी लावणं सोपं आहे, पण त्याच्याभोवतीच्या समजुती एकदा निवडून घ्यायला हव्यात.

गैरसमज: रानातलं मूळच अस्सल, लावलेलं कमअस्सल.
वस्तुस्थिती: आधुनिक संशोधनाचा मोठा भाग लागवडीच्या झाडांवरच झाला आहे. १९३०च्या दशकात जर्मनीच्या गेरहार्ड माडाउस यांनी अमेरिकेतून अँगुस्टिफोलिया जातीचं बी आणलं. उगवली मात्र पुरपुरिया ही दुसरीच जात. तिच्याच ताज्या रसापासून त्यांनी औषध बनवलं आणि पुढचा अभ्यास त्याच वाटेने गेला. उलट रानातून खणलेल्या मालात भेसळीचा धोका असतो. एकिनेशियाच्या मुळांत पार्थेनियम इंटेग्रिफोलियमची मुळं मिसळल्याचं आढळलं आहे. हे झाड आपल्या गाजरगवताचं सख्खं भावंड! शिवाय मूळ काढणं म्हणजे झाडच उपटणं. कॅन्ससमध्ये खणलेल्या अँगुस्टिफोलियाच्या जागा तपासल्या, तेव्हा जमिनीत उरलेल्या तुकड्यांतून साधारण निम्मीच झाडं पुन्हा फुटलेली दिसली. टेनेसीतली एक जात तर १९७९ ते २०११ या काळात संकटग्रस्त यादीत होती.

गैरसमज: कुठलंही कोनफ्लॉवर (एकिनेशियाचं इंग्रजी नाव) चालतं.
वस्तुस्थिती: औषधासाठी तीनच जाती प्रामुख्याने वापरल्या जातात: पुरपुरिया, अँगुस्टिफोलिया आणि पॅलिडा. तिघींतली रसायनंही सारखी नाहीत. रोपवाटिकेतले पिवळे, केशरी, दुहेरी पाकळ्यांचे संकर बागेची शोभा म्हणून उत्तम. पण अभ्यास त्यांच्यावर झालेला नाही. घरच्या वापरासाठी साधी पुरपुरिया बरी.

गैरसमज: बी टाकलं की उगवलंच.
वस्तुस्थिती: पुरपुरिया फारसे नखरे करत नाही. अँगुस्टिफोलियाच्या बियांना मात्र थंडी लागते: ओलसर वाळूत मिसळून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवलं तर उगवण सुधारते. बी खोल पुरू नका, त्याला उजेड लागतो. जागा उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. फुलाच्या जागी हिरवे, पालेदार तुरे दिसू लागले तर ती नवलाई नव्हे, तुडतुड्यांमुळे पसरणारा रोग आहे. त्यावर इलाज नाही. झाड उपटून टाकावं, म्हणजे शेजारची वाचतात.

गैरसमज: औषध फक्त मुळात असतं.
वस्तुस्थिती: पुरपुरियाची फुलं, पानं आणि देठही वापरतात. दुसऱ्या वर्षापासून ऐन बहरात वरचा भाग कापून घ्या, म्हणजे झाड जिवंत राहतं. मूळ हवंच असेल तर तीन-चार वर्षं थांबा आणि वरचा भाग वाळल्यावर, शरद ऋतूत खणा. मुळं धुऊन बारीक चिरा आणि सावलीत, वाऱ्यावर लवकर सुकवा. वाळवण रेंगाळलं की चिकोरिक आम्लासारखे घटक झपाट्याने घटतात.

गैरसमज: जिभेला झिणझिण्या आल्या की माल अस्सल.
वस्तुस्थिती: मुळाचा काप चावला की लाळ सुटते आणि जीभ बधिरल्यासारखी होते, ती अल्कामाइड नावाच्या घटकांमुळे. पण आपला अक्कलकाराही तशाच घटकांमुळे झिणझिणतो आणि खरी पॅलिडा जवळपास गप्प राहते. तेव्हा नुसत्या जिभेवरून जात ठरत नाही. हे घटक पाण्यात नीट उतरत नाहीत. म्हणून चहा आणि मद्यार्कातला अर्क एकसारखे धरू नयेत.

गैरसमज: एकिनेशिया घेतलं की सर्दी जवळ फिरकत नाही.
वस्तुस्थिती: कॉक्रेन या संस्थेच्या २०१४च्या आढाव्यात २४ चाचण्या आणि ४,६३१ जणांची माहिती तपासली गेली. सर्दी बरी करण्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. सर्दी टाळण्यात थोडाफार उपयोग असू शकतो, इतकंच. प्रत्येक चाचणीतला अर्क वेगळा असल्याने एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावताही येत नाही.

गैरसमज: झाडपाल्याचं औषध, अपाय कसला?
वस्तुस्थिती: शेवंती, झेंडूच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांना याचाही त्रास होऊ शकतो. स्वयंप्रतिकार विकार असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणाऱ्यांनी ते टाळावं. बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. गर्भवतींनी आणि स्तनदा मातांनी आधी डॉक्टरांना विचारावं. युरोपातल्या औषध नियामकांनी पुरपुरियाच्या रसाचा सर्दीसाठीचा वापरही सलग दहा दिवसांपुरताच मर्यादित ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकात नेब्रास्कातला मायर नावाचा औषधविक्या आपल्या एकिनेशियाच्या औषधाने सापाचं विष उतरतं असा दावा करी. त्या दाव्याला आधार नाही; साप चावला तर तडक दवाखाना आणि प्रतिविष, दुसरं काही नाही.

रानातलं रानात राहू द्या आणि पुरपुरियाचं बी परसात पेरा. सुकवलेला माल बरणीत भरताना चिठ्ठीवर जात, झाडाचा भाग आणि तारीख लिहून ठेवा. वैद्य किंवा डॉक्टरांनी विचारलं तर ‘घरचंच आहे’ एवढ्या उत्तराने त्यांना काहीच कळत नाही. त्या चिठ्ठीने कळतं.